बाहेरचा गिलावा: झडीचा पाऊस सोसणाऱ्या भिंतीसाठी

जुन्या गोव्यातील बॉम जेझुस बॅसिलिकेच्या भिंती आज तांबड्या जांभ्यात उघड्या दिसतात आणि पाहणाऱ्याला तेच तिचे मूळ रूप वाटते. प्रत्यक्षात १६०५ साली पूर्ण झालेल्या या चर्चवर चुन्याचा गिलावा होता आणि तो १९५०च्या दशकात मुद्दाम काढून टाकण्यात आला. तेव्हापासून दर पावसाळ्यात पाणी थेट दगडात मुरते, जांभ्याचे कण सुटत राहतात आणि गिलावा पुन्हा चढवावा की नाही यावर जाणकारांमध्ये वाद होतो. घराच्या बाहेरच्या गिलाव्याचे खरे काम कोणते, हे यावरून समजते. तो भिंतीच्या वाट्याचे ऊन आणि पाऊस स्वतःवर घेतो, हळूहळू झिजतो आणि काही दशकांनी बदलता येतो. भिंत मात्र बदलता येत नाही.

युरोप-अमेरिकेत ज्याला स्टुको म्हणतात, तो हाच प्रकार. अमेरिकेत तो बहुधा लाकडी सांगाड्यावर जाळी ठोकून तीन थरांत चढवतात. आपल्याकडे मागे विटा, जांभा किंवा ब्लॉक यांची भरीव भिंत असते, म्हणून दोन थर पुरतात आणि त्यातला वरचा थर वाळूचे दाणे दिसतील असा राखला, की त्याला सँडफेस गिलावा म्हणतात. पुढील माहिती कोकण, गोवा आणि पश्चिम महाराष्ट्रातील एक-दोन मजली घर डोळ्यांसमोर ठेवून दिली आहे. जिथे पाऊस वरून पडण्यापेक्षा वाऱ्याबरोबर आडवा येतो आणि झड अडवायला जुन्या घरांच्या पडवीला झाप बांधावे लागत, तिथे टिकणारा गिलावा घाटावर सहज टिकतो.

आधी एक नियम

गवंडी आणि घरमालक यांच्यातील बहुतेक वाद सिमेंट किती घालायचे याभोवती फिरतो. जास्त सिमेंट म्हणजे जास्त मजबुती ही समजूत गिलाव्याच्या बाबतीत उलटते. सिमेंट जितके अधिक, तितका माल सुकताना अधिक आकसतो. पण तो भिंतीला चिकटलेला असल्यामुळे त्याला आकसायला मोकळीक मिळत नाही, आणि मग तो तडकतो. केसासारख्या तड्यातून पाणी आपोआप आत ओढले जाते, आणि बाहेरचा थर दगडासारखा घट्ट असल्यामुळे ते वाफ होऊन बाहेर पडू शकत नाही. भिंत आतून ओली राहते, रंगाचे पोपडे निघतात आणि दोष मात्र रंगाच्या डब्याला दिला जातो.

म्हणून नियम असा, की भिंतीपेक्षा पहिला थर कडक नसावा आणि पहिल्या थरापेक्षा दुसरा कडक नसावा. पहिला थर १ भाग सिमेंटला ४ भाग वाळू या प्रमाणात करून वरचा थर १:३ चा करणारे गवंडी पुष्कळ आहेत. तसे केल्याने वरचा थर आकसताना खालच्याला ओढतो, आणि दोन-तीन वर्षांत थापीच्या मुठीने ठोकल्यावर भिंत पोकळ वाजू लागते. महाराष्ट्राच्या सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीतील सँडफेस गिलाव्याचे वर्णन या बाबतीत चांगला आधार आहे. त्यात पहिला थर १५ मिमी जाडीचा व १:४ प्रमाणाचा, सिमेंटच्या प्रत्येक पोत्यामागे १ किलो जलरोधक मिश्रणासह. त्याला किमान दोन दिवस पाणी. मग ६ ते ८ मिमीचा दुसरा थर १:४ प्रमाणातच, वाळूचे दाणे उघडे करून. आणि त्यानंतर चौदा दिवस पाणी, असे काम अपेक्षित असते. घरगुती कामात वरच्या थरासाठी १:५ किंवा चुना मिसळलेला माल घेतला तर माझ्या मते ते अधिक चांगले. १:३ मात्र कोणत्याही सबबीवर मान्य करू नये.

केव्हा करावा

बाहेरच्या गिलाव्याचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि होळीच्या आसपास संपतो. एप्रिल-मे महिन्यांत ऊन आणि कोरडा वारा ताज्या मालातील पाणी शोषून घेतात आणि नेमके तेव्हाच विहिरीला पाणी नसते. पावसाळ्याच्या तोंडावर घाईने केलेल्या कामाला तर ओलही नीट मिळत नाही आणि वाळायलाही वेळ मिळत नाही. बांधकाम पूर्ण होऊन, स्लॅबचे वजन भिंतींवर येऊन, भिंतीची ओल निघून गेल्यावरच गिलाव्याला हात घालावा; वीट-बांधकामाला महिनाभर तरी मोकळे ठेवावे. ब्लॉकच्या भिंतीला त्याहून अधिक काळ मिळाला तर उत्तम, कारण ब्लॉकही वाळताना आकसतात.

दिवसाचे नियोजनही सूर्य पाहून करावे. पश्चिमेची भिंत सकाळी आणि पूर्वेची दुपारनंतर घेतली, म्हणजे माल लावल्यानंतरचे पहिले काही तास सावलीत जातात. काम नेहमी वरून खाली उतरत यावे. नाही तर वरचा राडा खालच्या तयार भिंतीवर पडतो आणि त्याचे डाग शेवटपर्यंत पुसले जात नाहीत.

वाळू, सिमेंट, चुना

साऱ्या साहित्यात सर्वाधिक लक्ष वाळूकडे द्यावे. नदीची वाळू आता दुर्मीळ झाली आहे आणि बहुतेक ठिकाणी दगड भरडून केलेली क्रश सँड मिळते. गिलाव्यासाठी ती धुतलेली आणि गिलाव्याची म्हणून वेगळी चाळलेली असावी. काँक्रीटची क्रश सँड घरीच चाळून वापरण्याच्या युक्तीत दगडाची भुकटी तशीच राहते आणि तीच पुढे जाळीदार तडे पाडते. अतिबारीक वाळूने पृष्ठभाग गुळगुळीत येतो, म्हणून गवंड्याला ती आवडते. पण बाहेरच्या भिंतीला गुळगुळीतपणा नको आहे, बारीक-जाड दाण्यांचे मिश्रण हवे आहे. खाडीची किंवा समुद्रकाठची वाळू कितीही स्वच्छ दिसली तरी घेऊ नये, कारण तिच्यातील मीठ भिंतीवर पांढरे फुलते आणि जाळी व सळ्या गंजवते.

वाळू तपासण्याची रीत सोपी आहे. काचेच्या उभ्या बरणीत अर्ध्यापर्यंत वाळू भरावी, चिमूटभर मीठ घातलेले पाणी ओतून ती जोराने हलवावी आणि तीन तास स्थिर ठेवावी. वाळूवर गाळाचा जो थर बसतो, त्याची उंची वाळूच्या उंचीच्या आठ टक्क्यांहून अधिक असेल, तर ती वाळू धुतल्याशिवाय वापरू नये. चार इंच वाळूवर गाळाची रेघ पाव इंचाहून स्पष्टपणे जाड दिसली, तरी ट्रक परत पाठवायला पुरेसे कारण आहे.

प्रमाण घमेल्याने मोजू नये; घमेले कधी सपाट भरते, कधी शिगेला. पन्नास किलोच्या सिमेंट पोत्याचे आकारमान सुमारे ३५ लिटर असते, म्हणून आतून ४० सेंमी लांब, ३५ सेंमी रुंद आणि २५ सेंमी उंच अशी लाकडी पेटी करून घ्यावी. एका पोत्याला चार पेट्या वाळू म्हणजे १:४. ओलसर वाळू फुगते आणि पेटीत तिचे आकारमान वीस-पंचवीस टक्क्यांनीही जास्त भरू शकते, हे लक्षात ठेवावे. त्यामुळे ओल्या वाळूची चार मापे म्हणजे खऱ्या अर्थाने चार होत नाहीत आणि माल नकळत सिमेंटकडे झुकतो. दोन्ही थर मिळून २२ मिमी जाडीला, नासधूस धरून, शंभर चौरस फुटांमागे साधारण पावणेदोन पोती सिमेंट आणि साडेआठ-नऊ घनफूट वाळू लागते. दोन हजार चौरस फुटांच्या बाहेरच्या भिंतींना पस्तीस पोती आणि पावणेदोन ब्रास वाळू असा अंदाज ठेवून थोडी जास्त मागवावी. साऱ्या दर्शनी भिंतींची वाळू एकाच खेपेत आणावी, कारण वेगळ्या खेपेच्या वाळूने दाण्याचा आणि रंगाचा फरक पडतो.

सिमेंट पीपीसी, म्हणजे राखमिश्रित पोर्टलँड पोझोलाना प्रकारचे, घ्यावे. ५३ ग्रेडचे सिमेंट लवकर ताकद धरते, पण गिलाव्यात त्या घाईचा काही उपयोग नाही.

चुन्याला आपण उगीचच विसरलो आहोत. छत्रपती संभाजीनगरच्या बीबी का मकबऱ्याचा घुमट आणि भिंतींचा खालचा पट्टा संगमरवरी आहे; मधला बराचसा भाग काळ्या दगडाचा असून त्यावर चुन्याचे घोटीव काम आहे, आणि ते सतराव्या शतकातले आहे. सिमेंटच्या मालात चुना मिसळला की तो मऊ पडतो, थापीवरून लोण्यासारखा सुटतो, पाणी धरून ठेवतो आणि सावकाश आकसतो. शिवाय बारीक तड्यांत पाण्याबरोबर चुना उतरून ते काही प्रमाणात आपोआप बुजतात. १ सिमेंट, १ चुना, ६ वाळू हे प्रमाण झडीच्या भिंतीला फार चांगले. चुना कळीचा असेल तर तो भरपूर पाण्यात विरवून, गाळून, किमान आठवडाभर मुरवावा. न विरलेला खडा मालात राहिला, तर महिन्यांनी फुगून गिलाव्याला टपोरा फोड आणतो.

भिंतीची तयारी

गिलावा गळून पडला तर दोष सहसा भिंतीच्या तयारीत असतो. विटांच्या भिंतीत सांधे ओले असतानाच १० ते १२ मिमी खोल खरवडून ठेवलेले असावेत. काँक्रीटचे खांब आणि तुळया साच्याच्या तेलामुळे गुळगुळीत आणि तेलकट असतात. त्यांना तारेच्या ब्रशने घासून, सुमारे २५ मिमी अंतरावर आणि ३ मिमी खोल टाचे मारावेत. कंत्राटदार टाचे मारतात, पण दहा ठिकाणी मारून फोटो काढतात. आपण शिडीवर चढून बोट फिरवून पाहावे. त्यानंतर सगळी भिंत झाडून धुवावी, म्हणजे टाच्यांची भुकटी निघून जाते. ही भुकटी राहिली तर टाचे मारूनही उपयोग होत नाही.

काँक्रीट आणि वीट जिथे भेटतात तिथे तडा जाणारच असतो, कारण दोन्ही ऊन-थंडीत वेगवेगळ्या प्रमाणात हलतात. तो तडा थोपवण्यासाठी त्या सांध्यावर दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा सेंटिमीटर येईल अशी जस्ताच्या मुलाम्याची कोंबडी जाळी ठोकतात. जाळी भिंतीला चिकटवून ठोकली तर तिच्यामागे माल जात नाही आणि तिचा उपयोग शून्य होतो. खिळ्याखाली वायसर किंवा मालाचे छोटे ठिपके ठेवून ती भिंतीपासून चार-पाच मिमी उचललेली असावी आणि गिलाव्याच्या पोटात गाडली जावी. जिथे पाइपांसाठी आणि विजेच्या नळ्यांसाठी चर मारले आहेत, तिथेही जाळी लागते. हे चर आणि परांचीच्या बांबूंची भिंतीतली भोके आधीच, वेगळ्या दिवशी, नीट भरून घ्यावीत. भोकांत विटांचे तुकडे कोंबून वरून गिलावा ओढण्याची पद्धत पाणी आत घ्यायला हमखास वाट देते. शक्य असल्यास परांची दुहेरी बांबूंची, भिंतीला न टेकणारी बांधायला सांगावी. थोडे अधिक पैसे जातात, पण भोकांचा प्रश्नच राहत नाही.

काँक्रीटच्या आणि फार गुळगुळीत भागांवर गिलाव्याच्या आदल्या दिवशी १ सिमेंटला २ ते ३ भाग जाड वाळूचा पातळ माल थापीने जोरात छपकारावा. तो रंध्याने, म्हणजे माल सपाट करायच्या फळीने, सारखा करू नये. खरखरीत वाळू द्यावा आणि एक-दोन दिवस ओला ठेवावा. येथे सिमेंट जास्त असले तरी चालते, कारण हा सलग थर नसतो. त्याचे काम पकड देणे एवढेच असते.

गिलावा लावण्यापूर्वी विटांची भिंत आदल्या संध्याकाळी भिजवावी आणि सकाळी पुन्हा हलके पाणी मारावे. भिंत आतून ओली, पण वरून पाण्याची चकाकी नसलेली असावी. कोरडी भिंत मालातील पाणी ओढून घेते. निथळणारी भिंत मालाला घसरू देते.

पहिला थर

भिंतीचा ओळंबा पाहून दीड-दोन मीटर अंतरावर ठिय्ये, म्हणजे जाडी ठरवणारे मालाचे छोटे ठोकळे, घालावेत आणि त्यांच्या जाडीवरून सर्वांत उंच-सखल जागा कोणत्या हे आधीच समजून घ्यावे. भिंत एखाद्या ठिकाणी तीन सेंटिमीटर आत असेल, तर तेवढी जाडी एका दमात भरू नये. आधी तेथे १:४ चा भरावाचा थर देऊन, रेघा ओढून, तो वाळू द्यावा. एका वेळी १५ मिमीहून जाड लावलेला माल स्वतःच्या वजनाने खाली सरकतो आणि भिंतीपासून सुटतो. तेव्हा दिसत नाही, पण ठोकल्यावर कळते.

माल थापीने फासायचा नसतो, मारायचा असतो. अनुभवी गवंडी मनगटाच्या झटक्याने मारतो आणि त्यामुळे हवा निघून माल सांध्यांत बसतो. मग ॲल्युमिनियमची पट्टी ठिय्यांवरून ओढून थर एका पातळीत आणावा आणि तो घट्ट होण्यापूर्वी त्यावर दहा-बारा मिमी अंतराने नागमोडी रेघा ओढाव्यात. हा थर रंध्याने घोटू नये. पाणी घातलेला माल अर्ध्या तासात संपवावा. जेवणाच्या सुट्टीनंतर घट्ट झालेल्या मालात पाणी घालून तो पुन्हा कालवलेला दिसला, तर तो टाकून द्यायला सांगताना संकोच करू नये. म्हणूनच एका वेळी एका पोत्याहून जास्त माल कालवू देऊ नये.

जलरोधक मिश्रण घालायचे असेल तर ते याच थरात, पाकिटावरील प्रमाणातच घालावे. त्याने मालातील छिद्रे कमी होतात, तडे बुजत नाहीत. दुप्पट घातल्याने दुप्पट संरक्षण मिळत नाही, उलट दुसरा थर चिकटायला त्रास होतो.

दिवसाचे काम कोठे थांबवायचे हेही ठरलेले असावे. कोपऱ्यावर किंवा भिंतीच्या मध्ये कुठेही थांबू नये. सज्जाची कड, खाच किंवा पाइपची रेघ अशा ठिकाणी, कोपऱ्यापासून किमान १५ सेंमी दूर, माल तिरका कापून थांबावे आणि दुसऱ्या दिवशी ती कड भिजवून पुढे जावे.

पाणी कुठून उतरते

आमच्या घराची पश्चिमेची भिंत पहिल्याच पावसाळ्यात आतून ओली झाली तेव्हा मी गिलाव्याला दोष दिला. तो दोन वेळा दुरुस्त केल्यावर एका वयस्कर गवंड्याने खिडकीवरच्या छज्जाखाली बोट फिरवले आणि ओलीची रेघ दाखवली. छज्जाखाली ठिबक खाच नव्हती. छज्जावरचे पाणी कडेवरून खाली पडण्याऐवजी त्याच्या पोटाला चिकटून भिंतीकडे येत होते आणि तिथून खिडकीच्या चौकटीमागे उतरत होते. खाच काढून घेतली आणि भिंत सुकली. पाण्याने घाण केलेल्या भिंतीचे मूळ अनेकदा अशा एखाद्या न केलेल्या रेघेत असते.

प्रत्येक छज्जा, बाल्कनी, सज्जा आणि बाहेर आलेल्या स्लॅबच्या खाली, कडेपासून सुमारे दोन-तीन सेंटिमीटर आत, १० ते १२ मिमी रुंद आणि तितकीच खोल सरळ खाच गिलाव्यातच काढून घ्यावी. त्यासाठी ॲल्युमिनियमची किंवा लाकडाची पट्टी माल ओला असताना बसवून नंतर काढतात. खाच दोन्ही टोकांना भिंतीपर्यंत नेऊ नये; तीन-चार सेंमी आधी थांबवावी, नाही तर तीच पाण्याचा पन्हळ बनते. छज्जाचा माथा बाहेरच्या बाजूला उतरता असावा. खिडकीची बाहेरची सीलही बाहेर उतरती असावी आणि तिचा दगड भिंतीबाहेर थोडा निघालेला असावा, म्हणजे पागोळी भिंतीवरून न वाहता खाली पडेल.

गच्चीच्या कठड्याचा माथा मात्र आत, गच्चीकडे उतरता ठेवावा. बाहेर उतरता ठेवला तर वर साचलेली धूळ पहिल्या पावसात काळ्या ओघळांच्या रूपाने दर्शनी भिंतीवर उतरते. कठडा आणि गच्ची यांच्या कोनात गोल वाटा, म्हणजे मालाची गोलाई, करून घ्यावा. तो गच्चीच्या कामाचा भाग मानला जातो, म्हणून गिलाव्याचा गवंडी त्याकडे पाहत नाही आणि गच्चीचा माणूस नंतर येतो. कुणी काय करायचे हे आधीच लिहून घ्यावे.

जोत्याच्या बाबतीत एक गोष्ट ठाम सांगतो. गिलावा जमिनीपर्यंत आणू नये. जमिनीतील ओल त्यातून वर चढते आणि जोत्यावर लोणा लागतो, म्हणजे पांढरी पावडर सुटून गिलाव्याचे ढलपे पडतात. जोते काळ्या दगडाचे किंवा जांभ्याचे असेल तर त्याच्या फक्त दर्जा, म्हणजे दगडांमधल्या फटी, मालाने भरून ते उघडे ठेवावे आणि गिलावा जोत्याच्या पट्टीवर, सरळ खाच घेऊन, थांबवावा. नंतर अंगणात माती किंवा पेव्हर ब्लॉक भरून पातळी वाढवताना हीच रेघ बुजते. तसे होऊ देऊ नये.

मोठ्या सपाट भिंतींवर स्लॅबच्या पातळीवर आडव्या खाचा काढल्या तर काँक्रीट आणि वीट यांच्यामधला तडा त्या रेघेतच लपतो, शिवाय भिंतीला मापही येते. या खाचा साध्या दिसतात, पण पट्टी सरळ बसवणे हे कौशल्याचे काम आहे. रेघ वाकडी आली तर घर वाकडे दिसते.

दुसरा थर आणि दाणे

पहिल्या थराला किमान दोन दिवस, शक्य असल्यास तीन-चार दिवस पाणी दिल्यावर त्यावर दुसरा ६ ते ८ मिमीचा थर घ्यावा. या वेळी भिंत हलकी ओली असावी. माल लावून लाकडी रंध्याने सारखा करावा आणि मग थोडे थांबावे. थांबायचे किती, हे घड्याळाने ठरत नाही. बोट हलकेच टेकवल्यावर माल बोटाला चिकटत नाही, पण ठसा उमटतो, अशी अवस्था आली की किंचित ओला स्पंज गोलगोल फिरवून वरचे सिमेंटचे पाणी उचलावे आणि वाळूचे दाणे उघडे करावेत. लवकर केले तर दाणे स्पंजाबरोबर निघून येतात आणि उशिरा केले तर सिमेंटची साय घट्ट बसते. संपूर्ण भिंतीवर दाणे एकसारखे यावेत यासाठी एका भिंतीला एकच गवंडी आणि एकच हात असावा.

गुळगुळीतपणा आणण्यासाठी ओल्या थरावर कोरडे सिमेंट शिंपडून लोखंडी थापीने घोटण्याची सवय अनेकांच्या हाताला असते. आतल्या भिंतीत ती फार तर खपते; बाहेर तिने सर्वांत वर सिमेंटचा पापुद्रा तयार होतो आणि तो पहिल्याच उन्हाळ्यात जाळीसारखा तडकतो. कामाच्या पहिल्याच दिवशी हे स्पष्ट सांगावे.

ज्या भिंतीला झड सर्वांत जास्त झोडपते आणि जवळून पाहायला कुणी जात नाही, तिच्यासाठी रफकास्ट हा पर्याय चांगला आहे. त्यात पहिला थर तसाच घेऊन त्यावर सिमेंट, वाळू आणि बारीक खडी यांचा पातळ माल थापीने किंवा हाताने फेकतात. खरखरीत पृष्ठभागावर पाणी थेंबाथेंबाने उतरते, बारीक तडे दिसत नाहीत आणि कोपऱ्याची एखादी वाकडी रेघही झाकली जाते. मात्र शेवाळ आणि धूळ त्यात चांगली बसते, रंगही जास्त लागतो.

पाणी मारणे

चौदा दिवस पाणी, हे प्रत्येक करारात लिहिलेले असते आणि क्वचित पाळले जाते. थर लावल्यावर चोवीस तासांनी नळीच्या तोंडाने जोराने नव्हे, तर फवाऱ्याने पाणी द्यावे. पुढे दिवसातून तीन वेळा, आणि पश्चिम व दक्षिण भिंतींना चार वेळा. या दोन भिंतींवर गोणपाट लटकवून तो भिजता ठेवला तर पाणी आणि माणूस दोन्ही वाचतात. सकाळी ओली झालेली भिंत दुपारी पांढरी कोरडी पडत असेल, तर तो दिवस वाया गेला असे समजावे. पाणी मारायला बिगारी वेगळा ठेवावा. गवंड्याच्या हाताखालच्या माणसाला ते आठवणीने करायला सांगितले, तर ते होत नाही.

जांभा आणि ब्लॉक

जांभ्याच्या चिऱ्यांची भिंत सच्छिद्र आणि तुलनेने मऊ असते, म्हणून तिच्यावर १:४ चा सिमेंट गिलावा ही जुळणी मला पटत नाही. १:१:६ चा सिमेंट-चुना-वाळू माल किंवा शुद्ध चुन्याचा गिलावा घ्यावा. चिऱ्याची भोके आधी त्याच मालाने भरून घ्यावीत, सुटी माती झाडावी आणि भिंत चांगली भिजवावी. नवीन काढलेला चिरा पावसाळाभर बाहेर मुरवल्याशिवाय बांधकामात वापरला असेल, तर गिलाव्याची घाई आणखीच टाळावी.

एएसी, म्हणजे हवेची छिद्रे असलेल्या हलक्या काँक्रीटच्या ब्लॉकच्या भिंतीची उलट अडचण असते. हे ब्लॉक पाणी खोलवर शोषून धरतात, म्हणून ते भिजवून चिंब करायचे नसतात. फक्त पृष्ठभाग ओलसर करायचा. त्यावर १:६ इतका सौम्य माल किंवा त्यासाठीच मिळणारा तयार माल, एकूण जाडी १२ ते १५ मिमी, आणि सर्व सांध्यांवर जाळी, असे काम टिकते. विटेच्या सवयीने १:४ मारलेला गिलावा ब्लॉकच्या भिंतीवरून पत्र्यासारखा सुटलेला मी पाहिला आहे.

रंग आणि तपासणी

गिलाव्यावर रंग चढवण्याआधी निदान चार आठवडे जाऊ द्यावेत. ताजे सिमेंट तीव्र क्षारयुक्त असते आणि रंग खाते. त्यासाठी क्षार सोसणारा प्रायमर आधी द्यावा. सँडफेसवर बाहेर पुट्टी भरून तो पुन्हा गुळगुळीत करणे हे आता सर्रास होते. ज्या दाण्यांसाठी गवंड्याला दुप्पट मजुरी दिली, ते बुजवण्यासाठी पुन्हा पैसे देण्यात मला अर्थ दिसत नाही. शिवाय पुट्टीचा थरच सर्वांत आधी सुटतो. चुन्याच्या गिलाव्याला चुन्याचीच सफेदी द्यावी.

पैसे चुकते करण्यापूर्वी लाकडी दांड्याने भिंत हात-हातभर अंतरावर ठोकून पाहावी. घट्ट जागी ठण आवाज येतो आणि सुटलेल्या जागी बद्द. बद्द वाजणारा भाग खडूने आखून, चौकोनी कापून, कडा थोड्या आत कोरून, जुना भाग भिजवून पुन्हा दोन थरांत भरून घ्यावा. दोन मीटरची पट्टी भिंतीला टेकवून तिच्याखाली तीन-चार मिमीपेक्षा अधिक फट दिसते का हेही पाहावे.

पहिल्या पावसाळ्यात मोठी सर थांबल्यावर तासाभराने घराभोवती एक फेरी मारावी. सगळी भिंत सारखी सुकत असताना जी जागा काळी राहते, तिथेच पाणी आत जात असते. जाळीदार केसतडे असतील आणि भिंत आतून कोरडी असेल तर ते रंगाने भागतात. तुळईच्या किंवा खांबाच्या रेघेने गेलेला सरळ तडा मात्र खाच उघडून, जाळी घालून, पॉलिमर मिसळलेल्या मालाने भरावा लागतो. काळी जागा स्नानगृहाच्या मागे किंवा गच्चीच्या कठड्याखाली असेल, तर आधी पाइपचे सांधे आणि गच्चीचा वाटा तपासावा आणि थापी त्यानंतरच हातात घ्यावी.